दोन कंपन्यांचा बांध

आमच्या आणि तात्यांच्या शेताच्या मध्ये एक बांध आहे. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते, वडिलांपेक्षा धाकटे. वडिलांना आम्ही सगळे दादा म्हणतो, तात्याही दादाच म्हणायचे. वाटण्या झाल्यावर एका वर्षी तात्यांना वाटलं, दादांनी बांध कोरला. दादांना वाटलं, कोरला तो तात्यांनीच. नांगरताना फाळ जरा जरा पलीकडे सरकवत शेजाऱ्याची जमीन खायची, त्याला आमच्याकडे बांध कोरणं म्हणतात. तात्यांनी नेवाशाच्या कोर्टात दावा लावला आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

बंद झालं म्हणजे समोरासमोर असले तरी मध्ये तिसरं माणूस लागायचं. विहीर सामाईक, मोटर एकच, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, त्यामुळे भेट काही चुकत नसे. दादा दोन हातांच्या अंतरावर उभे असायचे आणि तात्या माझ्याकडे बघून म्हणायचे, "सांग तुझ्या बापाला, उद्या पानी आमचं हाय." दादाही माझ्याकडेच बघून म्हणायचे, "म्हाईत हाय म्हनावं." मी कोणालाच काही सांगत नसे. दोघांनीही सगळं ऐकलेलं असायचं.

तारखेच्या दिवशी मात्र हा नेम मोडायचा. तात्यांना गाडी चालवता येत नाही आणि सकाळच्या एसटीचा भरवसा नाही. मग दादांच्या मोटरसायकलवर पुढे प्रतिवादी आणि मागे वादी, असे दोघे नेवाशाला जायचे. आई दोघांच्या भाकरी एकाच फडक्यात बांधून द्यायची. गाडीवर तिसरं माणूस बसायला जागाच नव्हती, तेव्हा एकमेकांशी बोलणं भाग होतं. दादा तारखेच्या आदल्या दिवशी गाडी धुऊन ठेवायचे, आणि मला वाटायचं, कोर्टाचा मान म्हणून धुतात.

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत मला नोकरी लागली तेव्हा मी दादांना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. त्याच सुमारास तात्यांच्या मुलाने, पुण्याच्या माझ्या चुलतभावाने, नवा फोन घेतला आणि जुना तात्यांना दिला. जगात ज्या दोन कंपन्या तेव्हा एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या, नेमके त्यांचेच हे दोन फोन आमच्या बांधाच्या दोन बाजूंना येऊन पडले. दोघांनाही याचा पत्ता नव्हता. मी सांगितलं आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

सुट्टीला मी गावी यायचे. दुपारी बांधावरच्या कडुलिंबाखाली बाज टाकून पडायचे. अलीकडे दादा, पलीकडे तात्या, दोघेही काहीतरी काम काढून तिथेच घुटमळत असायचे. उसाची पाती एकमेकांवर घासून सरसर वाजायची, पाटातलं पाणी कुठेतरी लांब पडत असायचं, आणि मी अर्धवट झोपेत फोनवरची बातमी मोठ्याने वाचायचे. माझाच आवाज मला पलीकडच्या शेतातून आल्यासारखा वाटे. आजही त्या बातम्या आठवल्या की आधी तो वारा आठवतो आणि मग शब्द.

पहिली बातमी दाव्याची होती. एका कंपनीचं म्हणणं असं, की दुसरीने आमच्या फोनचं रूपच उचललं. गोल कोपरे आमचे, पडद्यावर ओळीने मांडलेली चित्रं आमची, आणि बोटाने पान वर ढकललं की शेवटाला जाऊन ते हलकेच मागे येतं ना, ते मागे येणंही आमचंच.

"कोपरं गोल केलं म्हनून दावा?" दादांनी विचारलं.

"त्याला पेटंट म्हणतात," मी म्हणाले. "ज्याने पहिल्यांदा केलं त्याच्या नावावर ते लागतं. कल्पनेचा सातबाराच समजा."

तात्या खुरपं टाकून उभे राहिले. "कोनाची कंपनी चोर निघाली?"

मी सांगायला नको होतं, पण झोपेत होते. "चोर नाही हो. आरोप आहे. दादांच्या फोनच्या कंपनीवर."

तात्यांना इतका आनंद मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही झालेला पाहिला नव्हता. "सांग तुझ्या बापाला, त्यांची कंपनीबी बांध कोरती," ते म्हणाले आणि गाणं गुणगुणत उसात शिरले. दादांनी खिशातून फोन काढला, त्याच्या चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि तो पुन्हा खिशात ठेवून दिला. संध्याकाळी भाकरीही अर्धीच खाल्ली. नोटीस जणू त्यांच्याच नावाने आली होती.

तेव्हापासून आमच्या दाव्याचं कुणी फारसं विचारेना, कंपन्यांच्या दाव्याचं मात्र दोघे विचारायचे. कोण जिंकलं, कोण वरच्या कोर्टात गेलं, कुठल्या देशातल्या कोर्टाने काय म्हटलं. एका देशात तात्यांची कंपनी जिंकली की दुसऱ्या देशात दादांची. आपला फोन चांगला हे पटवायला दोघे नाही नाही ते सांगायचे. दादांच्या फोनचा आवाज म्हणे मोटरीच्या वरताण, आणि तात्यांच्या फोनला म्हणे बोटाची ओळख पटते, परक्याला तो दारातही उभा करत नाही. आई म्हणायची, "लेकरं परवडली."

एकदा तारखेच्या दिवशी मला सुट्टी होती. मी माझी स्कूटी काढली आणि त्यांच्या मागे मागे गेले. थंडीचे दिवस होते. उसाला तुरे आले होते आणि प्रवरेवर धुकं इतकं दाट होतं की पुलावर गेल्यावर नदी खाली आहे की वर आहे तेच कळेना. पुढे दादांच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसायचा. माणसं दिसत नव्हती, नुसते आवाज येत होते.

"दादा, तुमच्या फोनात चंद्र तरी नीट येतो का?"

"चंद्र काय काढून खायचाय का तुला?"

"माझ्यात येतो. गोल येतो."

"माझ्यातबी येतो. लई मोठा येतो. पडद्यात मावत न्हाई."

मग दोघांचं हसू. किती वर्षांनी मी ते एकत्र ऐकत होते. धुकं जरा विरळ झालं तेव्हा दिसलं, तात्या पुढे वाकून दादांच्या कानाशी बोलत होते आणि त्यांचा हात दादांच्या खांद्यावर होता. मी स्कूटी हळू केली, मुद्दाम मागे राहिले. कोर्टाच्या फाटकाशी दोघे उतरले आणि आपापल्या वकिलाकडे गेले, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांसारखे. त्या दिवशी मला माझ्या वडिलांचं गुपित कळलं. त्यांना भाऊ मिळायचा तो फक्त तारखेला.

पुढे एक बातमी अशी आली, की या दोघींचं कोर्टात इतकं हाडवैर, तरी एकीच्या फोनचे पडदे दुसरीच बनवून देते. भांडण चालू, माल चालू. मी वाचून दाखवलं. मग दादा हसायला लागले.

"म्हंजी विहीर सामाईक हाय त्यांची."

तात्याही हसले, आणि हसताना त्यांनी सरळ दादांकडे बघितलं. मग काहीतरी आठवल्यासारखी त्यांनी नजर काढून घेतली आणि माझ्याकडे वळवली.

फोनवर जमीन मोजता येते हे कुठून तरी तात्यांना कळलं. मग काय विचारता. हातात फोन घेऊन शेताच्या कडेने चालायचं, फेरी पूर्ण झाली की क्षेत्र समोर. दोघे एकाच सकाळी निघाले, एक अलीकडून, एक पलीकडून, फोन तळहातावर नैवेद्याच्या ताटासारखे धरलेले. दवाने पायजमे गुडघ्यापर्यंत भिजले होते. बांधापाशी दोघे एकमेकांशेजारून चालत गेले, बोलले नाहीत, पण पावलं जुळत होती. मला वाटलं, हा बांध असाच लांबत राहावा, नदीपर्यंत, नदीच्या पलीकडेही, आणि हे असेच चालत राहावेत.

फेऱ्या संपल्या. दोन्ही फोनांनी आपापल्या मालकाची जमीन कमी भरल्याचं दाखवलं. दोघेही खूश झाले, कारण पुरावा मिळाला. माझी कंपनी खोटं बोलत न्हाई, असं दोघांचंही म्हणणं.

"दोघांची कमी, मग उरलेली गेली कुठं?" मी विचारलं.

"फोनात," आई म्हणाली आणि चुलीकडे गेली.

आणि मग एके दिवशी त्या दोन कंपन्यांनी मिटवलं. कोर्टाबाहेर. काय ठरलं, कोणी किती सोडलं, काही सांगितलं नाही. मी बातमी वाचली, ती चार ओळींचीच होती. एवढा मोठा तमाशा असा चार ओळींत संपला याचं मलाच वाईट वाटलं. तात्यांनी विचारलं, "मग आता बोलत्यात का एकमेकांशी?"

"कंपन्या कशाला बोलतील, तात्या? ज्याचं त्याचं काम चालू."

"भांडत हुत्या तवर तरी बोलत हुत्या," ते म्हणाले.

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट मी आणि चुलतभाऊ फोनवर बोललो, की एवढ्या मोठ्या कंपन्या मिटवतात तर आपल्याला काय धाड भरलीय. आम्ही दोघांनी मिळून तडजोड ठरवली. सरकारी मोजणी करायची, मधोमध दगड रोवायचे, दावा काढून घ्यायचा. तात्या मुलासाठी तयार झाले, दादा माझ्यासाठी. सही करायला जायच्या आदल्या दिवशी दादा गाडी धूत होते. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "मिटल्यावर तारीख पडत न्हाई ना मग?"

"नाही. सुटलात एकदाचे."

त्यांनी मान हलवली आणि पुसलेला आरसा पुन्हा पुसला.

सह्या झाल्या. येताना दोघे एकाच गाडीवर आले, पण गाडी आली ती मुक्यानेच. नंतर चुलतभावाने मोटरीला नवा स्टार्टर बसवला. फोनवरून घरबसल्या मोटर चालू, घरबसल्या बंद. आता पाळी असो नसो, विहिरीवर जायचं कारण उरलं नाही. दोन्ही फोनांत दोघांचे नंबर होते. आम्हीच घालून दिले होते. कुणी कुणाला लावला नाही. मी सुट्टीला आले की कडुलिंबाखाली बाज टाकायचे, पण बातमी कुणी विचारत नसे, आणि पलीकडे तात्या नसायचे. दादा वाळलेले दिसायला लागले. दुपारी फोन हातात घेऊन त्याचा काळा पडदा बघत बसायचे. जे तोडायला वर्षानुवर्षं भांडण पुरलं नव्हतं, ते आम्ही तडजोडीने तोडलं होतं. या विचाराने मला नगरला परत जाताना बसमध्ये रडू आलं.

एका रविवारी सकाळी मी अंगणात तोंड धूत होते. उन्हं नुकती उसावर आली होती, दव निवळत होतं. बांधाकडून ठक ठक आवाज येत होता. आधी मला वाटलं, मी अजून झोपेतच आहे. दादा टिकाव घेऊन बांध खणत होते. चोरून नाही, घाई नाही. चार घाव घालायचे आणि मान वर करून तात्यांच्या घराकडे बघायचे. पुन्हा चार घाव. रोवलेल्या दगडाच्या पलीकडे, सरळ तात्यांच्या जमिनीत.

मी धावत गेले. "दादा, हे काय करताय?"

"दिसतंय न्हवं? बांध कोरतोय."

एवढ्यात तात्या आले. सदऱ्याची बटणं उलटसुलट लागलेली, पायात चप्पल नाही. मी दोघांच्या मध्ये होते, म्हणून निरोपासाठी थांबले. आता तात्या म्हणतील, सांग तुझ्या बापाला. पण ते माझ्याकडे वळलेच नाहीत. त्यांनी उकरलेली ओली माती बघितली, कलंडलेला दगड बघितला, मग दादांकडे बघितलं.

"दादा, बांध कोरला तुमी."

"व्हय."

"मी गप बसनार न्हाई. दावा लावीन."

दादांनी टिकाव खाली ठेवला. घाम पुसला.

"लाव ना," ते म्हणाले. "उद्या किती वाजता निघायचं?"

तात्यांनी सदऱ्याचं एक बटण सोडून नीट लावलं.

"आठला," ते म्हणाले. "भाकरी वहिनीला बांधायला सांगा."