मामींचा समोरचा भिडू

पत्त्यांत आपल्या भिडूशी आमच्या धारच्या मामींइतकं इमान राखणारी बाई सगळ्या माळव्यात सापडायची नाही, आणि त्या इमानापायी ऑनलाइन पोकरमध्ये त्यांच्याइतकं नेमानं हरणारंही कुणी सापडायचं नाही. चाळीस वर्षं मामा आणि त्या एकमेकांचे भिडू म्हणून समोरासमोर बसून शेजारच्या जोडप्याशी मेंढीकोट खेळले. मामा गेले, शेजारी मुलाकडे इंदूरला गेले, आणि डाव मोडला. मामी तासन्‌तास भिंतीकडे बघत बसू लागल्या, तेव्हा देवासहून दर रविवारी भेटायला जाणाऱ्या त्यांच्या भाच्यानं, म्हणजे मी, त्यांच्या टॅबवर पोकर घालून दिलं. तेव्हा रुपया-दोन रुपये लावून खेळायची टेबलं मिळत. मामींनी तीनशे रुपये भरले आणि बजावलं, "हे संपले की पत्ते बंद. कायमचे. मग कुणी मला खेळा म्हणायचं नाही." मामी एकदा बोलल्या की करतात, त्यामुळे मीच धास्तावलो.

पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडतात. नवख्यानं आधी शिकायचं ते एवढंच, की बहुतेक डावांत आपली पानं निमूट टाकून द्यायची. मामींना नेमकं तेच जमेना. मेंढीकोटात सगळी मारामारी दश्श्यांसाठी असते, म्हणून हातात कुठलीही दश्शी आली की त्या हट्टाला पेटत. "दश्शी टाकून देऊ? पागल झालास का रे?" त्या दश्शीपायी पहिल्याच आठवड्यात साठ रुपये गेले. एकदा तर हातात दोन राजे असताना त्यांनी सगळ्या टेबलाला आपल्या माळवी हिंदीत लिहून कळवलं, "भिया, दो मिनट रुकना, दूध गैस पर है." भिया लोक कदाचित थांबलेही असते, पण खेळातलं घड्याळ थांबलं नाही. दूध वाचलं, राजे गेले. गंधवानीच्या शाळेत गणित शिकवण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे रोजच्या खेळाची वही ठेवून त्या स्वतःलाच लाल शाईनं शेरे देत. "घाई", "निष्काळजीपणा", आणि एके दिवशी नुसतंच "शोभत नाही".

हातात काही नसताना कधी कधी बोली वाढवायची असते, हे ऐकून तर त्या दोन रविवार माझ्याशी धड बोलल्या नाहीत. "ये तो सरासर झूठ हुआ!" मग एकदा मेथी निवडता निवडता आपणहून म्हणाल्या, "समजलं मला. मनावर गावच्या आपल्या व्याह्यांसारखं. मुलाची नोकरी पक्की नव्हती, अन् लग्नाच्या बैठकीत फ्लॅटच्या गोष्टी करून राहिले होते."

"अगदी बरोबर, मामी."

"मग तेव्हा आपण का नाही रे ताणून धरलं?"

मीही मेथी निवडू लागलो.

एवढं शिकूनही पैसे घटतच होते. चाळीस उरले तेव्हा मी शेजारी खुर्ची टाकून त्यांचा खेळ बघत बसलो. मामींच्या हातात दोन एक्के आले, याहून चांगली पानं पोकरमध्ये नाहीत. पडद्यावर समोर बसलेल्या कुणा अनोळखी माणसानं बोली वाढवली, आणि मामींनी शांतपणे एक्के टाकून दिले. मी ओरडलोच. मामी चकित होऊन म्हणाल्या, "अरे, समोरच्यानं बोली वाढवली ना! आपल्याच भिडूवर कसं चढायचं?"

इतके दिवस, जो कुणी समोर येऊन बसेल त्याला त्या आपला भिडू मानून सांभाळत होत्या. मी समजावलं, की इथे कुणी कुणाचा भिडू नसतो, ज्याचा तो एकटा. "मग माणसं एका टेबलाशी बसतात तरी कशाला?" मामींनी विचारलं. त्या दिवशी वहीत शेरा नव्हता.

पण मामी जिद्दीच्या. त्या दश्श्या टाकायला शिकल्या, समोरच्याला परका मानायला शिकल्या, आणि चाळिसाचे हळूहळू अडीचशे झाले. एका रविवारी समोरच्यानं आपली सगळी रक्कम लावली. मामींकडे दोन राण्या होत्या. त्यांनी तेवढीच रक्कम लावली आणि डाव जिंकला. तीनशेच्या वर गेल्या! पत्ते बंद होण्याची भीती टळली म्हणून मी शेजारून टाळ्या पिटल्या.

मामींनी मान वर केली. टॅबवरून थेट पलीकडे, मामांच्या रिकाम्या खुर्चीकडे. मग खाली बघत म्हणाल्या, "बाकी सगळं आलं रे मला. जिंकलं की समोर बघायची सवय तेवढी जात नाही."

मी उठलो आणि त्या खुर्चीवर जाऊन बसलो. आता मी दर रविवारी तिथेच बसतो. तिथून मला त्यांची पानं दिसत नाहीत, पण मामींनी वर बघितलं की मी दिसतो.