दुसरी कडी

गोळ्या आणायला मी आणि बायको दर महिन्याला सरकारी दवाखान्यात जातो. काल तिथल्या समुपदेशक बाईंनी जुन्या केसपेपरच्या पाठीवर बॉलपेननं एक गोल काढला. ही माझी पेशी. तिच्या दाराला दोन कड्या. एचआयव्हीचा विषाणू आधी एक कडी धरतो, मग दुसरी, आणि आत शिरतो. पुढे चूल पेशीची, भांडी पेशीची, स्वयंपाक मात्र त्याचा.

“काही मोजक्या लोकांना ही दुसरी कडी जन्मतःच नसते,” बाई म्हणाल्या. “त्यांच्या पेशीत तो सहसा जाऊच शकत नाही.”

तेव्हापासून त्या न पाहिलेल्या माणसावर मी जळतोय. आजवर जळलो ते लोकांकडे काही होतं म्हणून. मित्राची बढती, शेजाऱ्याची गाढ झोप. एखाद्याकडे काही नाही म्हणून पोटात दुखावं, हे पहिल्यांदाच. ना पथ्य, ना पुण्य. दाराला एक कडी नाही, एवढंच त्याचं कर्तृत्व!

परतताना बसथांब्यावर हे सगळं मी बायकोला ऐकवलं. माझा आजार लग्नाआधीच सांगितला होता. तरी ती आली. तिनं संत्रं सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

“असतात की बिनकडीची माणसं,” ती म्हणाली. “तुमच्या आधी तसली दोन स्थळं पाहिली मी. आत शिरायला जागाच नव्हती.”