नीतिमान कॉफी

पूर्वी मुलगी बघायला लोक घरी येत, पोहे खात आणि 'कळवतो' म्हणून जात. आयटीवाल्यांनी ती पद्धत मोडली. मुलाकडून निरोप आला, की बाणेरच्या एका कॅफेत भेटू. ते माझ्या पथ्यावरच पडलं, कारण मुलीच्या बायोडेटात मी 'वडील : निवृत्त इंजिनिअर' असं ठोकून दिलं होतं. प्रत्यक्षात मी पिंपरीच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होतो, कारखान्याला टाळं लागेपर्यंत. आमच्या दोन खोल्या बघून कोणालाही त्यात इंजिनिअर दिसला नसता. मुलीला हे पसंत नव्हतं. पण फोनवर बोलून मुलगा आवडला होता, म्हणून तिने ते चालवून घेतलं.

कॅफेच्या काचेच्या दाराशी गणवेशातला वॉचमन होता. त्याने दार उघडलं आणि मी त्याला ओळखलं. लेथवरचा माझा जोडीदार! सोळा वर्षं आम्ही एका शिफ्टला होतो, एका डब्यात जेवलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मुलीच्या साडीकडे पाहिलं आणि "या साहेब" म्हणून सलाम केला. मी नुसती मान हलवली आणि आत गेलो.

आत मुलगा आणि त्याचे वडील बसले होते. मुलगा लगेच कॉफीवर घसरला.

"काका, इथली कॉफी एथिकली सोर्स्ड आहे."

"म्हणजे काय करतात?"

"मळ्यातल्या कामगारांना नीट मजुरी मिळते का, विश्रांती मिळते का, सावलीत बसायला जागा आहे का, सगळं तपासूनच घेतात. कामगाराला पिळून आलेली कॉफी माझ्या घशाखाली उतरत नाही."

भिंतीवर मळ्यातल्या एका बाईचा दारापेक्षा मोठा फोटो होता. ती हसत होती. एवढा मोठा फोटो लावणार असते, तर मीही हसलो असतो.

कॉफी आली. आंबट आणि कोमट. त्यापेक्षा आमसुलाचं सार बरं. साखर मागितली, तर वेटरने, मी देवघरात चपला घालून शिरल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. साखरेने म्हणे तिच्यातला फळाचा स्वाद मरतो. मरेना का!

काचेपलीकडे एप्रिलचं ऊन होतं आणि माझा जोडीदार त्यात उभा होता. वॉचमनला खुर्ची दिली की तो झोपतो, असा पुण्याच्या दुकानदारांचा जुना सिद्धांत आहे. जोडीदाराचा गुडघा कारखान्यात असतानाच कामातून गेला होता. तो या पायावरून त्या पायावर भार टाकत होता. शंभर कोसांवरची सावली या लोकांनी तपासली होती, दारातलं ऊन मात्र कोणाला दिसत नव्हतं. हे विचारायला माझी जीभ शिवशिवत होती. एरवी टोमणा मारल्याशिवाय मला जेवण जात नाही. पण विचारलं असतं, तर "तुम्ही ओळखता का त्याला?" हा प्रश्न आलाच असता.

तेवढ्यात मुलाचे वडील म्हणाले, "आपण कुठल्या विभागात होतात?"

"प्रॉडक्शन," मी म्हणालो आणि तो काढा एका घोटात संपवला. मुलगी कपात बघत राहिली.

निघताना जोडीदाराने पुन्हा दार उघडलं. मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले, "किती अदबीने वागतात नाही इथली माणसं!" मी म्हणालो, "हो ना." त्या 'हो ना'ची मला आजही लाज वाटते. कॉफीला कितीही नावं ठेवली तरी ती लाज कमी होत नाही.

दोन दिवसांनी होकार आला. तिसऱ्या दिवशी मी एकटाच बाणेरला गेलो. माफी मागायची, असं बसमध्ये चारदा ठरवलं. त्याने मला लांबूनच पाहिलं, आत मालकाकडे एक नजर टाकली आणि हळूच विचारलं, "काय रे, जमलं का पोरीचं?"

"जमलं."

त्याचा चेहरा फुलला. माझा हात त्याने घट्ट दाबला. मग म्हणाला, "मला पत्रिका देऊ नकोस हां. तुझे व्याही मला ओळखतील."

मी दिली नाही.