अक्काच्या घराला पायरी नाही

माझ्या बहिणीला गाडीने उडवलं, आणि आम्ही घरच्यांनीच ते लपवलं.

दवाखान्याच्या केसपेपरवर लिहिलं होतं, "पायरीवरून पडून डोक्याला मार."

धरणगाव तालुक्यातल्या तिच्या घराला पायरीच नाही. उंबरा ओलांडला की थेट रस्ता.

आज तिथीने वर्ष झालं. आज तरी खरं लिहितो.

गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्काची लेक सुरेखा जामनेरहून माहेरी आली होती. सण झाला. दुसऱ्या दिवशी तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, तिला न्यायला कार घेऊन निघाला.

लेकीसोबत सांजोऱ्या द्यायच्या, म्हणून अक्का फाट्यावरच्या दुकानात रवा आणायला गेली. येताना रस्त्याच्या अगदी कडेने चालत होती. भर दुपार, रस्ता मोकळा.

त्याच गाडीने तिला उडवलं.

जेठ पळाला नाही, हे कबूल करतो. त्यानेच तिला गाडीत घातलं आणि जळगावला आणलं. पण केसपेपरच्या खिडकीशी तो म्हणाला, "पायरीवरून पडल्या."

अक्का शुद्धीवर होती. तिने मान हलवली.

बाहेर उभ्या जेठाच्या गाडीचा चेपलेला पुढचा भाग पाहून मी आत पोचलो, तेव्हा पोलीस जबाब घ्यायला आले होते.

"मावशी, काय झालं?"

"पडनू, दादा. पायरीवरतून."

मी तिथेच उभा होतो. वीस वर्षं गावोगावच्या स्टेजवरून हक्क, कायदा, संविधान सांगणारा मी. एक शब्द बोललो नाही. समोर लेकीचा जेठ उभा होता. सोयरीक होती.

पोलीस गेल्यावर मी तिच्या कानाशी वाकलो. "अक्का, खरं का बरं नई सांगं?"

"त्यान्हं वावर इकाई जाई, नाहीतर तो जेलमा जाई. मंग मन्ही पोरले त्या घरमा कोन नांदू दी?"

मी समजावू लागलो. विमा असतो, कायदा असा आहे, कायदा तसा आहे.

"इतलं बोलस," ती म्हणाली, "एक कप चहा तं लयी ये."

मी हसलो. चहा आणला. तिने दोन घोट घेतले.

आम्हाला वाटलं, वाचली.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का गेली.

लगेच कुजबुज सुरू झाली. चिरफाड नको. दिवस मावळायच्या आत गावी नेऊ. जेठाने अर्ज लिहूनच आणला होता: पडून मृत्यू, कोणावर संशय नाही, पोस्टमॉर्टम नको. अक्काचं सगळ्यात जवळचं माणूस म्हणजे लेकच, म्हणून खाली सही तिची हवी होती.

सुरेखाच्या हातात पेन दिलं.

तिने अर्ज वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि जेठाकडे वळली.

"दादा, तुम्ही कोणाशी बोलत होतात फोनवर? गाडी चालवताना?"

"सुरेखा, घरी जाऊन बोलू."

"माझ्याशीच बोलत होतात ना? 'आलोच, बॅग भरून ठेव' म्हणालात. मग धाडकन आवाज आला. मी ऐकला तो आवाज. माझी माय होती ती."

तीन दिवस ही पोर तो आवाज मनात घेऊन आईच्या उशाशी बसली होती. मायही गप्प, लेकही गप्प. दोघीही एकच घर वाचवत होत्या, लेकीचं सासर.

जेठ हळू आवाजात म्हणाला, "सही करायची नसेल, तर परत येऊ नको."

सुरेखाने अर्जाची घडी केली. सरळ पोलिसांकडे गेली.

"माझा जबाब लिहा."

पोस्टमॉर्टम झालं. गुन्हा नोंदला. रवा देणारा दुकानदारही पुढे आला. अक्काने जे तीन दिवस लपवलं, ते कागदावर आलं.

आता तुम्ही ऐका. स्टेज नाही, माइक नाही, पण ऐका.

गाडीने ठोकलं, तर दवाखान्यात 'पडलो' म्हणू नका. तो एक शब्द पुढे कोर्टापर्यंत तुमच्या विरोधात उभा राहतो. दवाखान्याने पोलिसांची वाट न पाहता उपचार केलेच पाहिजेत. गाडीचा नंबर, जागेचा फोटो, पाहणाऱ्याचं नाव लगेच टिपून ठेवा. पोलीस म्हणाले, ही आमची हद्द नाही, तरी तक्रार तिथेच द्या. ती घेणं त्यांचं काम आहे. जखमीला उचलून आणणाऱ्याला साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, म्हणून उचलायला घाबरू नका.

माणूस गेलाच, तर पोस्टमॉर्टम नाकारू नका. मलाही ते सोपं नव्हतं.

आणि अक्काला जे मी धड समजावू शकलो नाही, ते हे. गाडीचा विमा चालू असेल, तर भरपाई विमा कंपनी देते. त्यासाठी कुणाचं वावर विकावं लागत नाही. गुन्ह्याचा खटला वेगळा चालतो, भरपाईचा दावा वेगळा. दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, तेव्हा दहाव्या-तेराव्यानंतर बसून राहू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईमाणसाला तिथे वकील मोफत मिळतो.

रस्त्याला फुटपाथ नाही, म्हणून चालणाऱ्याचा जीव स्वस्त होत नाही.

सुरेखा वर्षभर माहेरी आहे. जामनेरहून निरोप नाही, फोन नाही. या आखाजीलाही गाडी आली नाही.

परवा तिचा नवरा आला. एसटीने. फाट्यावर उतरला आणि त्याच कडेने चालत घरापर्यंत आला.

उंबऱ्याशी चपला काढून तो आत टेकला.

मग सुरेखा म्हणाली, "केस मागे घेणार नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "पुढच्या तारखेला मी तुझ्यासोबत येतो."

तिने त्याला पाणी दिलं. त्यापुढचं तिचं ती ठरवेल.

अक्का, तुझा जबाब तुझ्या लेकीने खोडला. तिच्यावर रागावू नको. रागवायचं तर माझ्यावर रागव. मी तिथेच उभा होतो.

रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माझ्या बहिणीला, तिच्या भावाचा शेवटचा नमस्कार.