साखरपुड्यासाठी हॉटेल बघायला गेलो

भाचीचा साखरपुडा कुठं करायचा, यावरून दादाच्या घरात पंधरा दिवस धुसफुस चालली होती. मुलाकडची माणसं ठाण्याची. त्यांची मागणी अशी काहीच नव्हती, फक्त "आमच्याकडे वयस्कर मंडळी आहेत, जरा एसी असलेलं बघा," एवढंच ते म्हणाले होते. तेवढ्यावर भाचीनं पेणला नुकतंच उघडलेलं मोठं हॉटेल मनात पक्कं केलं. दादाला मात्र गावच्या समाजमंदिराचाच हॉल हवा होता. शेवटी भाचीचा मला फोन आला. "आत्या, तू ये गं. बाबा तिथं भांडतील. तू असलीस की गप्प बसतात."

हे साफ खोटं. दादा माझ्यापुढं कधीही गप्प बसलेला नाही. पण शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेल्या बाईला लोक मध्यस्थीच्या कामाची समजतात, त्याला माझा इलाज नाही.

रविवारी सकाळी अष्टमीच्या माझ्या घरून निघाले आणि एसटीनं पेणच्या रामवाडीला उतरले. हॉटेलपाशी पोचले तर दादा गेटाबाहेर उन्हात उभा. शेजारी वहिनी, आणि थोडी लांब, आपली यांची ओळख नाही अशा थाटात, भाची.

"आत का नाही गेलात?"

"त्यानं विचारलं, किससे मिलना है," दादानं वॉचमनकडं बोट केलं. "मी म्हटलं, हॉटेल बघायला आलोय. तर परत तेच, किससे मिलना है."

नागोठण्याच्या कंपनीत या माणसानं सगळी नोकरी गेटावर डबा उघडून दाखवत काढली, आणि आता एका प्रश्नानं त्याचा अपमान झाला होता. मी त्याचा दंड धरून त्याला आत नेलं.

आत काळ्या कोटातला मॅनेजर आला. तरुण होता, हसतमुख होता, आणि विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नव्हता. मी विचारलं, "बसून पंगत किती जणांची होईल?" तो म्हणाला, "मॅम, आधी आपण डिलक्स रूम पाहूया." आम्हाला रूम नको होती. तरीही चौथ्या मजल्यावर नेलंच. पलंग आणि न्हाणीघर यांच्यामध्ये आरपार काच होती.

"आंघोळ कोनाला दाखवायची?" वहिनीनं विचारलं.

"मॅम, पडदा आहे ना. बटण दाबलं की खाली येतो." त्यानं बटण दाबलं. टीव्ही सुरू झाला. दुसरं दाबलं, दिवे गेले. पडदा काही आला नाही. मग तो खिडकीशी जाऊन म्हणाला, "हा हिल व्ह्यू." डोंगर होता खरा. त्याच्या अलीकडं हायवेवर कंटेनर अडकलेले होते आणि त्यांचे हॉर्न बंद काचेतूनही ऐकू येत होते. दादा म्हणाला, "हा व्ह्यू आम्हाला रोज फुकट हाय." भाचीनं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या मजल्यावरचा हॉल एकदाचा पाहिला. मग खाली जेवणघरात आलो. तिथं एका भिंतीवर जुनी लाकडी अवजारं टांगलेली होती आणि खाली काचेच्या उघड्या चौकोनात पांढऱ्या कणांचा ढीग. मॅनेजर म्हणाला, "हे आमचं लोकल हेरिटेज. इथले कोळी लोक मासे सुकवायला ही अवजारं आणि हे मीठ वापरायचे."

वहिनी थबकली. तिचं माहेर खाडीकाठचं, मिठागरावर राबणारं. लग्न होईपर्यंत ती स्वतः आगरात मीठ ओढायची. आम्ही आतल्या गावातले भातवाले, आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

"मासली नाय रे बाबा," ती म्हणाली. "मीठ वढायची फळी हाय ही. आनि उलटी लावलीत." असं म्हणून तिनं त्या ढिगातली चिमूट उचलून जिभेवर ठेवली. तोंड वाकडं केलं. "मीठपन नाय. रंगवलेली वाळू हाय."

आम्ही काही बोलायच्या आत तिनं लांब दांड्याची ती फळी भिंतीवरून काढली आणि त्या चकचकीत फरशीवर, कंबरेत वाकून, मीठ कसं ओढतात ते दाखवायला सुरुवात केली. दोन वेटर धावले. मॅनेजरचं हसू गेलं. "मॅम, प्लीज, हात लावू नका. हा डिस्प्ले आहे."

इथं माझा तोल गेला. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज माझ्या तोंडून निघाला. "डिस्प्ले? ज्या बाईनं हे काम केलंय, तिला तुम्ही हात लावू नका सांगता? आणि स्वतः वाटेल ते खोटं सांगता? वाळूला मीठ म्हणता?" नाश्ता करणारी माणसं माना वळवून बघायला लागली. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, पुरे गं!" आणि दादा, ज्याच्यासाठी मला बोलावलं होतं, तो खुर्चीवर बसून पाणी पीत होता.

वहिनीनं शांतपणे फळी पुन्हा टांगली, या वेळी सरळ. हात पदराला पुसले. "आता बरोबर हाय," ती मॅनेजरला म्हणाली. "लिफ्ट बंद पडली तर?"

"जनरेटर आहे, मॅम."

"मग हितंच करू."

बाहेर चहाच्या टपरीवर मी तिच्यावर उखडले. "वहिनी, मी तुझ्यासाठी एवढी भांडले, आणि तू सरळ हो म्हणून मोकळी?"

"तुला कुनी सांगितलेलं भांडायला?" ती बशीत चहा ओतत म्हणाली. "तू आगरात कधी पाय तरी ठेवलास काय गो? मना नाय राग आला, तुला कसा आला?"

मी बिस्किटाचा पुडा फोडला.

"ऐक," ती म्हणाली. "समाजमंदिरात कुनाचंपन कार्य असो, चुलीपाशी मी आनि भांडी घासायलापन मी. लग्न होऊन आले तवापासून. माझ्या पोरीच्या टायमाला मना खुर्चीवर बसून जेवायचा हाय."

दादा टपरीवाल्याला अजून एक चहा सांगायला उठला. समाजमंदिराचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

साखरपुडा तिथंच झाला. माइक शिट्ट्या मारत होता, वरण गार होतं, आणि मी एका हातात ताट नि दुसऱ्यात पर्स सांभाळत उभ्यानं जेवले, कारण टेबलं पुरली नाहीत. खुर्चीबद्दल दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा "येस मॅम" ऐकलं, खुर्ची आली नाही. वहिनी मुलाच्या आजीशेजारी बसली होती. तिनं हात वर करून वेटरला बोलावलं आणि गुलाबजाम मागितले. तो लगेच घेऊन आला.