तीस पावलं

“बोलू नका, पावलं सांडतील.”

एवढं ऐकलं की आमच्या गावात मोटारसायकलवाला गाडी बंद करून उभा राहायचा. कारण मिस्त्रीमामा एखाद्या शौचालयाच्या शोषखड्ड्यापासून मोजत निघालेले असायचे. हात पाठीमागं, मान खाली, ओठ हलताहेत. तीस भरली की टाच जमिनीत रुतवून म्हणायचे, “हितं खंदा.”

तुमच्याही गावात असा माणूस असेल. शाळा दुसरीपर्यंत, पण त्याच्या शब्दाशिवाय विहिरीला कुदळ लागत नाही. जिंतूरच्या पुढं एका गावात मी आरोग्यसेविका म्हणून बारा वर्षं काढली. तिथल्या पिण्याच्या विहिरी मामांनी बांधलेल्या. कठडा छातीइतका, भोवती उताराचा ओटा, आणि खड्ड्यापासून तीस पावलं. “काळी माती घाण गाळती, बाई. खालचा खडक फुटका हाय, तो काय बी गाळत न्हाई,” असं मला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं.

एकदा सरपंचांना विहीर आपल्या दारात हवी होती. मामा चालले. बाविसाव्या पावलाला सरपंचांचा ओटा लागला.

“आठ कमी हायत.”

“मामा, आठ पावलांनी काय फरक पडतोय?”

“तुमाला न्हाई पडत. तुमी जारचं पाणी पिता.”

सरपंच कसनुसं हसले. विहीर मात्र हलली.

पाणी लागलं की बायका विहिरीची ओटी भरायच्या आणि तांदूळ, कुंकू, खण, नारळ सगळं आत सोडायला निघायच्या. मामा आडवे उभे राहायचे. “कठड्यावर ठिवा गं. पाण्यातली देवी वर येऊन घेती.”

“आन न्हाई आली तर?” एका म्हातारीनं विचारलं.

“तर नारळ मी घरी नेतो.”

पहिला तांब्या मात्र स्वतः प्यायचे. मी ओरडायची, आधी तपासू तर द्या. आमच्याकडं तपासणीची बाटली असते. पाणी भरून दोन दिवस ठेवायची, काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू आहेत असं समजायचं. मामांना त्या बाटलीमुळं कमीपणा वाटायचा. “माझं पोट तुमच्या बाटलीच्या आधी सांगतंय,” म्हणायचे. तरी रोज उपकेंद्राच्या दारात येऊन विचारायचेच, “काय म्हणती बाटली?”

मग ते परांचीवरून पडले. खुबा मोडला, डावा पाय कायमचा आखडला. काठी आली, पण मोजणं काही सुटलं नाही. आम्हीही काठीची टकटक ऐकून गप्प उभे राहायला लागलो.

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीवरची विहीर झाली. ही माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. परत आली की बायकांना ओढ्यातल्या झऱ्यावर वाटी वाटीनं हंडा भरावा लागायचा. त्यांनी स्वतः टोपल्या वाहून विहीर खोदली. पाणी लागलं, मामा तांब्याभर प्यायले, दुसऱ्या दिवशी ठणठणीत. बायकांनी मला विचारलं, “आता भरावं ना, सिस्टर?” बाटली कपाटात होती, अजून एक दिवस बाकी होता. आणि मी मान हलवली. ते मला आजही टोचतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं तर बाटली काळीभोर. मी तशीच चपला घालून वस्तीकडं पळत सुटले. वाटेतच रुक्मिणी भेटली. तिची दीड वर्षाची पोर तिच्या खांद्यावर मलूल पडलेली, रात्रीपासून जुलाब. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. मी साखर-मिठाचं पाणी पाजत तिला रिक्षात घातलं आणि जिंतूरला धाडलं. रिक्षा वळणाआड जाईपर्यंत मी तिथंच उभी होते. ही पोर गेली तर काय, एवढंच डोक्यात.

“माझी विहीर?” वस्तीवर विहिरीपाशी बाटलीचं ऐकून मामा म्हणाले. “न्हाई बाई. बाटली खराब असल. माझं पोट ठीक हाय की.”

“मामा, तुमच्या पोटानं सत्तर वर्षं काय काय पचवलंय. ती दीड वर्षाची आहे.”

ते काठी घेऊन निघाले. खड्ड्यापासून विहिरीपर्यंत चालले. तीस. परत चालले. तीस. सुटकेचा श्वास सोडून माझ्याकडं पाहिलं. मी मात्र खाली बघत होते. फुफाट्यात त्यांची पावलं उमटली होती. उजवं पाऊल पडलं की डावं जेमतेम त्याच्या बरोबरीला येत होतं.

मी तेच अंतर चालले. मी त्यांच्या खांद्याला लागते, एवढीच माझी उंची.

“किती?” त्यांनी विचारलं.

मी पुन्हा खड्ड्याकडं वळून पाहिलं. “बोला की, बाई.”

“एकोणीस.”

मामांनी खाली पाहिलं. काठी टेकत कठड्याशी बसले. म्हणाले, “सांडली, बाई. कुणी बोललं न्हाई, तरी सांडली.”

मला वाटलं होतं, आता हा माणूस घरात तोंड लपवून बसेल. ते त्याच उन्हात घरोघर गेले. “ह्या विहिरीचं पिऊ नका. चूक माझी हाय.” रुक्मिणीच्या सासूनं त्यांना वाट्टेल ते ऐकवलं. टोपल्या वाहून आमच्या सुनांच्या माना मोडल्या, आन तुमी आता सांगायलाव, म्हणाली. मामा मान खाली घालून सगळं संपेपर्यंत उभे राहिले. मग विचारलं, “पोर कशी हाय?”

पोर पाचव्या दिवशी परत आली. मामा रोज एसटीच्या वेळेला फाट्यावर जाऊन बसत, हे मला नंतर कळलं.

नव्या विहिरीच्या वेळी ते चालले नाहीत. मला गावातल्या जुन्या विहिरीवर नेलं आणि दोराचं एक टोक हातात दिलं. “खड्ड्यापातूर धरा. ह्ये पाय धड असतानाचं माप हाय.” तोच दोर वस्तीवर नेऊन जागा धरली. शिवाय वर हातभर दोर वाढवला. “असू द्या,” म्हणाले.

पाणी लागायच्या आठ दिवस आधी मामा झोपेतच गेले.

पाणी लागलं तेव्हा बायकांनी ओटी कठड्यावर ठेवली. नारळ तसाच राहिला. मी बाटली भरून आणली. दोन दिवस वस्तीवर कुणी त्या पाण्याला शिवलं नाही. मी तासातासाला कपाट उघडत होते. मामांच्या यायच्या वेळेला दाराकडं बघत होते.

तिसऱ्या दिवशी रुक्मिणी पोरीला घेऊन दारात आली. “सिस्टर, काय म्हणती बाटली?”

मी बाटली तिच्यासमोर धरली. रंग बदलला नव्हता.

मी तिच्याबरोबर विहिरीवर गेले. तिनं शेंदून तांब्या भरला आणि पोरीच्या तोंडाशी नेला.

“थांब,” म्हणून मी तो तिच्या हातातून घेतला आणि आधी स्वतः प्यायले. मग पोरीनं दोन्ही हात पुढं केले.