दोन तास

प्रतीक्षाची गोष्ट सांगायची तर आधी आमच्या वऱ्हाडातला एक शब्द सांगावा लागतो. तास. घड्याळातला तास सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्या गावात, सोनाळ्यात, पिकाच्या ओळीलाही तासच म्हणतात. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, एक ओळ म्हणजे एक तास. एका शब्दाचे दोन अर्थ असल्यानं कोणाचं हाड मोडत नाही, असं मलाही वाटायचं.

माझं मोबाईलचं दुकान टुनकी रस्त्यावर आहे. तुळशीरामची ही पोरगी रोज त्या रस्त्यानं पळायची. पोरं शिट्ट्या मारायची. एकानं अंगावर गाडी घातली, तेव्हा तिनं दगड उचलून त्याचा हेडलाईट फोडला आणि पुढं पळत गेली. मला ती तेव्हापासून आवडायची.

ते गुलाबी बोंडअळीचं साल होतं. बीटीला अळी लागत नाही म्हणून घेतलेलं बियाणं, आणि बोंड फोडलं की आत अळी. माणसं पिसाळली होती. अळीला मारता येईना, मग बायकोला मार, बैलाला मार, भावाला मार. तुळशीरामच्या सख्ख्या भावानं, शेषरावानं, यांच्या बैलानं धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, ओलांडला म्हणून त्याच्या पाठीत विळा घातला होता. दोघांच्या शेतात एक धुरा, आणि तो शेषराव दरवर्षी नांगरून खातो, हे तुळशीरामच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

अशात प्रतीक्षा एका शर्यतीतल्या बक्षिसाचे पैसे घेऊन दुकानात आली. पळताना अंतर आणि वेग दाखवणारं, उपग्रहावरून चालणारं घड्याळ तिला हवं होतं. बुलढाण्याला निवडीची शर्यत होती. एकवीस किलोमीटर दोन तासांच्या आत पळणाऱ्या मुलींना पुण्याच्या शिबिरात नेणार होते. मी आधी माझ्या आवडीचं, मोठ्या रंगीत काचेचं काढलं. तिनं काचेवर बोट फिरवलं. काच हलली नाही.

"मले बटनाचं दाखवा, फहीमभाऊ," ती म्हणाली. "वेचणीनं बोटं फाटली हायेत. काच मले वळखत नाही."

मग तिनं मला चांगलंच पिदवलं. लाईन नसली तर चार्जिंग किती टिकते, डोंगराच्या कडेला उपग्रह पकडते का, ठरलेल्या वेगाच्या मागं पडलं तर हाताला कळतं का. गाणी, फोटो, फॅशन, काही नको. शेवटी तिनं एक काळं, ठोकळ्यासारखं, बटनांचं घड्याळ मनगटावर बांधलं आणि दुकानातून पळतच गेली.

घड्याळ वरून जमीन पाहतं, हे गावात पसरायला काय वेळ लागतो? तुळशीरामनं ऐकलं आणि शर्यतीच्या आठवडाभर आधी पोरीला हुकूम सोडला की सकाळच्या पळण्यात धुऱ्यावरूनही चक्कर मारायची आणि काकानं किती दाबलं ते सांगायचं. तिनं समजावलं की हे पळायचं घड्याळ आहे, मोजणीचं नाही, चार-पाच पावलं इकडंतिकडं दाखवतं. पण बापाला ऐकायचंच नव्हतं. कटकट नको म्हणून ती हो म्हणाली आणि धुऱ्यावरून पळून पुढं निघून गेली.

त्या दिवशी ती पूर्ण एकवीस किलोमीटर पळाली. दुकानासमोरून जाताना तिनं मला मनगट दाखवलं. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. दोन तासांच्या आत बसली होती. मी गल्ल्यावरून उठून टाळ्या वाजवल्या.

घरी अंगणात बाप कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. तिला बोलायला दम पुरेना.

"बाबा, आलं... दोन तास... आत."

तुळशीरामनं ऐकलं ते एवढंच, की शेषराव दोन ओळी आत आला. तो उठला आणि शेताकडं निघाला. प्रतीक्षाची आई रुख्मिणी ओरडत मागं धावली, तेव्हा पोरीला कळलं. तोवर त्यानं भावाची उभी पऱ्हाटी सपासप तोडायला घेतली होती. बोंडं सगळी किडकी, तरी तोडत होता. शेषराव काठी घेऊन आला. पहिल्या काठीनं तुळशीरामचा कान फाटला. त्यानं कुऱ्हाड उलटी धरून तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू, फिरवला. शेषराव मागं सरला आणि मधे प्रतीक्षा पोचली. सगळ्यांत जोरात पळणारी तीच ना. तुंबा तिच्या नडगीवर बसला. शेत माझ्या दुकानासमोरच, सुकी काडी मोडल्यासारखा आवाज मी रस्त्यावरून ऐकला. तसाच धावलो. मी आणि शेषरावानंच तिला उचलून गाडीत घातलं. तुळशीराम भावाच्या तोडलेल्या पऱ्हाटीत उभा होता, आणि मला, खरं सांगतो, त्याला तिथंच गाडावंसं वाटलं.

आठवड्यानं पोलीस त्याला अकोल्याच्या दवाखान्यात घेऊन आले. मी तिथंच होतो. पोरीच्या पायात सळई होती, मनगटावर घड्याळ होतं.

"तूच तं म्हणली होती," तो म्हणाला, "दोन तास आत आलं म्हणून."

"घड्याळाचे तास, बाबा. मी पळाली तेवढ्यात."

मग त्यानं खाटेच्या लोखंडी दांडीवर कपाळ आपटलं, पुन्हा आपटलं, रक्त आलं. पोलिसानं मानगूट धरून मागं ओढला. तेव्हा, त्या पोरीच्या सगळ्या पळण्यात पहिल्यांदाच, त्यानं विचारलं.

"शर्यत कवा हाये, पोरी?"

"आज होती, बाबा."